डिस्कवर ५०० जीबी, स्क्रीनवर ४६५ जीबी: पस्तीस जीबी कुणी खाल्ले?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात, दुकानात, शाळेत किंवा ऑफिसच्या कपाटात एखादी जुनी हार्ड डिस्क पडून आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

पत्रकार म्हटला की लोक काहीही विचारतात. नळाला पाणी कधी येणार इथपासून बाजार समितीचा निकाल काय लागणार इथपर्यंत. गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मात्र वारंवार येतोय. “दादा, डिस्कवर पाचशे जीबी लिहिलंय आणि कॉम्प्युटर चारशे पासष्टच दाखवतोय. बाकीचे कुठे गेले?”

या प्रश्नाला आपल्याकडे तीन उत्तरं तयार असतात. पहिलं, दुकानदाराने फसवलं. दुसरं, डिस्क जुनी झाली, झिजली. तिसरं, “फॉरमॅट मारून टाकू, सगळी जागा परत येईल.” पहिली दोन उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात, पण त्यांनी फारसं नुकसान होत नाही. तिसरं उत्तर चुकीचं आहे आणि घातकही आहे. आजची पोस्ट त्या तिसऱ्या उत्तराविरुद्ध आहे.

आधी पस्तीस जीबीचा हिशोब करून टाकू.

आजीच्या पाटल्या सोनाराकडे मोडायला नेल्यात असं समजा. आजी सांगायची, पाच तोळ्याच्या आहेत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे पाटल्या साधारण ५८ ग्रॅमच्या. आजचा सोनार तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतो, तो सांगेल ५.८ तोळे. सोनं वाढलं का? नाही. शब्द तोच राहिला, माप बदललं.

डिस्कचं नेमकं असंच आहे, फक्त उलट्या दिशेने. डिस्क बनवणारी कंपनी १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट धरते, म्हणजे सरळ शंभर कोटी. विंडोज १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं, कारण ते १०२४ च्या पटीत मोजतं. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये ५०० अब्ज बाइट खरोखर असतात. त्यांना विंडोजच्या मोठ्या मापाने भागलं की ४६५ येतात. कुणी काही खाल्लेलं नाही.

लक्षात ठेवायला सोपा नियम असा. डिस्कवर जेवढे जीबी लिहिलेत त्याला ०.९३ ने गुणा. ८० ची डिस्क ७४ दाखवेल, १६० ची १४९, २५० ची २३२, ३२० ची २९८, ५०० ची ४६५ आणि एक टीबीची ९३१ जीबी. टीबीमध्येच मोजायचं असेल तर ०.९१ ने गुणा. दोन टीबीची डिस्क १.८१ टीबी दाखवते, चार टीबीची ३.६३. माप जितकं मोठं तितकी तफावत वाढते, कारण १०२४ चा गुणाकार प्रत्येक पायरीवर आणखी एकदा होतो.

आता प्रश्न येतो की चूक कुणाची. मेमरी चिप दोनच्या पटीत बनते, म्हणून कॉम्प्युटरवाल्यांनी १०२४ ला ‘किलो’ म्हणायची सवय लावून घेतली. खरं तर किलो म्हणजे हजार, हे आपल्याकडे भाजीवालीलाही माहीत आहे. जुनी फ्लॉपी आठवते? तिच्यावरचं १.४४ एमबी हे तर दोन्ही मापांची खिचडी होती. हजारला १०२४ ने गुणून एक एमबी धरला होता. हा घोळ मिटावा म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १९९८ साली १०२४ च्या पटीसाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरवली. लिनक्सच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये ती दिसतात. अ‍ॅपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून मॅकवर सरळ हजाराच्या मापाने मोजायला सुरुवात केली, त्यामुळे तीच ५०० ची डिस्क मॅकवर ५०० दिसते. विंडोज मात्र मोजतं १०२४ ने आणि पुढे लिहितं जीबी.

अमेरिकेत यावरून ग्राहक कोर्टात गेले. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने आणि २००७ मध्ये सीगेटने अशा दाव्यांत तडजोड केली. वेस्टर्न डिजिटलने बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट दिलं. सीगेटने सॉफ्टवेअर किंवा किमतीच्या पाच टक्के परतावा देऊ केला. त्यानंतर पॅकिंगवर बारीक अक्षरात ‘१ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट’ अशी ओळ सर्रास छापलेली दिसते.

माझं मत विचाराल तर कंपनीचा हिशोब बरोबर आहे, पण सांगायची पद्धत बरोबर नाही. आपल्याकडे २००९ चा वैधमापन कायदा आहे. २०११ चे पॅकबंद मालाचे नियम आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन दिसेल असं छापावं लागतं. मग डिस्कच्या खोक्यावर समोरच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात ‘विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसेल’ एवढं लिहायला काय हरकत आहे? एका ओळीने हजारो लोकांचा गैरसमज आणि दुकानदारांशी होणारी भांडणं वाचतील.

असो. सात टक्क्यांचा फरक म्हणजे मापाचा फरक, त्याची काळजी करू नका. खरा विषय पुढे आहे. फरक सात टक्क्यांपेक्षा बराच जास्त असेल, ३२० ची डिस्क १२८ दाखवत असेल किंवा एक टीबीची तीसेक एमबी दाखवत असेल, तर काय?

तेव्हाही डिस्क ‘झिजली’ असं नसतं. हार्ड डिस्क झिजून लहान होत नाही. तिच्यातला एखादा सेक्टर खराब झाला तर डिस्क आपल्या राखीव साठ्यातला सेक्टर त्या जागी लावते आणि एकूण आकडा तसाच राहतो. क्रिस्टल डिस्क इन्फोसारख्या फुकट प्रोग्राममध्ये ‘रीअलोकेटेड सेक्टर’ नावाची ओळ असते. तो आकडा वाढत असेल तर डिस्क आजारी आहे, माल लगेच दुसरीकडे हलवा. पण क्षमता कमी दिसण्याचं कारण ते नव्हे.

जुन्या डिस्कच्या बाबतीत कमी दिसणारा आकडाच बऱ्याचदा कारण सांगून जातो. अनुभवी मेकॅनिक गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखतो ना, तसंच.

१२८ किंवा १३७ जीबी दिसत असेल, तर मधला कुणीतरी जुना आहे. पूर्वी डिस्कवरच्या सेक्टरचा पत्ता २८ बिटांचा असे. तेवढ्यात २६ कोटी ८४ लाखांच्या आसपास सेक्टर बसतात. प्रत्येक ५१२ बाइटचा, म्हणजे झाले १३७ जीबी, विंडोजच्या मापाने १२८. पुढे ४८ बिटांचा पत्ता आला. विंडोज एक्सपीला तो २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून नीट कळू लागला. त्याआधीची विंडोज, जुना बायोस किंवा जुना यूएसबी कन्व्हर्टर असेल तर मोठी डिस्क १२८ वरच अडते. यात एक मोठा धोका आहे. अशा अवस्थेत डिस्कवर काही लिहायला गेलं, तर सीमेपलीकडचा माल डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडू शकतो आणि तिथला जुना माल खराब होतो.

३२ जीबी दिसत असेल, तर जुन्या आयडीई डिस्कच्या मागे पिनांवर असलेली छोटी टोपी, म्हणजे जंपर, बघा. जुन्या बायोसला मोठी डिस्क झेपत नसे, म्हणून जंपर लावून ती मुद्दाम लहान भासवायची सोय होती. जंपरची मांडणी बहुधा डिस्कच्या लेबलवरच छापलेली असते.

तीन टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसत असेल, तर जुना ड्रायव्हर किंवा जुनी व्यवस्था दोन टीबीपलीकडे मोजू शकत नाही. मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरलेलंच दिसतं.

मोठी डिस्क तीसेक एमबी दिसत असेल, तर तिच्या टोकाला राखून ठेवलेल्या भागाची नोंद बिघडली आहे. कॉम्प्युटर कंपन्या रिकव्हरीसाठी असा लपवलेला भाग ठेवत. काही मदरबोर्ड तिथे बायोसची प्रतही ठेवत. लिनक्समधल्या एचडीपार्म या प्रोग्रामला डिस्क किती सेक्टर दाखवते आहे आणि तिच्यात खरे किती आहेत, हे दोन्ही विचारता येतं. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि सगळ्यात साधं कारण. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. तिथे पूर्ण डिस्क एका पट्टीत दिसते. अनेकदा सी ड्राइव्हशेजारी नाव न दिलेला एक भाग किंवा काळ्या रेघेची रिकामी जागा असते. जागा गेलेली नसते, तिला नाव दिलेलं नसतं इतकंच. क्षमता बरोबर पण रिकामी जागा कमी दिसत असेल, तर रिसायकल बिन, लपवलेल्या फाइल आणि सिस्टिम रिस्टोरच्या प्रती तपासा.

आणखी एक. बाहेरच्या पोर्टेबल डिस्कची पेटी बिघडली की लोक आतली डिस्क काढून थेट जोडतात आणि ती कोरी दिसते. काही पेट्या डिस्कची मांडणी स्वतःच्या पद्धतीने करतात, काही तर माल कुलूपबंद करून ठेवतात. तशीच दुसरी पेटी मिळाली तर सगळं जसंच्या तसं दिसू शकतं.

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. माल डिस्कवर आहे, पाहणाऱ्याला तो दिसत नाही.

मागच्या वर्षी एका सार्वजनिक वाचनालयात दुसऱ्याच बातमीसाठी गेलो होतो. तिथे नेमकं हेच चाललं होतं. वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर बंद पडला होता. त्यातली ३२० जीबीची डिस्क काढून तंत्रज्ञ मुलाने आपल्याकडच्या कन्व्हर्टरने लॅपटॉपला जोडली. स्क्रीनवर दोन गोष्टी आल्या. डिस्क १२८ जीबी, आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ हा विंडोजचा नेहमीचा निरोप. त्या डिस्कवर आमच्या भागातल्या एका जुन्या साप्ताहिकाचे स्कॅन केलेले अंक होते, त्यात १९७२ च्या दुष्काळातलेही. मूळ अंकांतले काही वाळवीने खाल्ले होते. उरलेले “आता स्कॅन झालेत ना” म्हणून रद्दीत गेले होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

समितीतले एक काका म्हणाले, “मार बाबा फॉरमॅट, निदान १२८ तरी वापरता येतील.” पोराचा हात माउसवर होता. तेवढ्यात ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “थांब रे जरा. लेबलवर ३२० लिहिलंय, मग १२८ कसे? आधी दुसऱ्या वायरला लावून बघ.” तासाभराने शेजारच्या गावातून नवा कन्व्हर्टर आला. डिस्क २९८ दिसली, सगळे फोल्डर उघडले. त्याच संध्याकाळी दोन प्रती करून ठेवल्या.

बाईंना २८ बिटांचं गणित माहीत नव्हतं. लेबल वाचायची आणि आकडा जुळत नसेल तर थांबायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तेवढं पुरलं.

आता त्या पोराला कुणी दोष देऊ नका. आपल्याकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला तीनशे-पाचशे रुपये देतो आणि “लवकर चालू करून दे” म्हणून डोक्यावर उभे राहतो. डेटा वाचवायला वेळ लागतो, त्या वेळाचे पैसे द्यायची आपली तयारी नसते. फॉरमॅट मारला की दहा मिनिटांत कॉम्प्युटर चालू आणि गिऱ्हाईक खूश. ही सवय आपणच लावली आहे.

फॉरमॅट म्हणजे काय, तेही समजून घ्या. हार्ड डिस्कवर ‘क्विक फॉरमॅट’ केला तर अनुक्रमणिका जाते, पानं राहतात. जाणकाराला ती बऱ्याच अंशी परत काढता येतात, पण वरून नवीन काही लिहिलं नसेल तरच. व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये ‘पूर्ण फॉरमॅट’ केला तर सगळीकडे शून्य लिहिली जातात, मग परतीची आशा सोडा. एसएसडी असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही माल मिळणं अवघड.

‘आता सगळं क्लाउडवर असतं’ असं कुणी म्हणेल. आजचं असेल. पण साधारण २००० ते २०१५ या काळातलं आपलं बरंच काही क्लाउडवर कधी गेलंच नाही. फोटो स्टुडिओवाल्यांकडची लग्नं, गणेश मंडळांची चित्रीकरणं, शाळांची स्नेहसंमेलनं, पतसंस्थांचे जुने हिशोब, आम्हा पत्रकारांचे फोटो, महापुराच्या वेळचे पंचनाम्यांचे फोटो. कागदाच्या युगातलं दप्तरात आहे, मोबाइलच्या युगातलं क्लाउडवर आहे. मधलं सगळं अशा जुन्या डिस्कमध्ये कपाटात पडून आहे.

फसवणूक अजिबात होत नाही असं नाही. ती होते, पण वेगळ्या ठिकाणी. ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत ‘दोन टीबी’ पेनड्राइव्ह विकले जातात. त्यात खरी मेमरी थोडीशीच असते, आतला प्रोग्राम बदलून दोन टीबी असल्याचं भासवलेलं असतं. म्हणजे तिथे आकडा कमी दिसत नाही, बरोबर दिसतो, म्हणूनच माणूस फसतो. खरी मेमरी भरली की पुढचे फोटो कॉपी झाल्यासारखे वाटतात, पण उघडत नाहीत. एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे फुकट प्रोग्राम ड्राइव्ह पूर्ण भरून तपासतात. नवीन ड्राइव्हवर एकुलती एक प्रत ठेवण्याआधी ही तपासणी करा. खोटा निघाला तर बिल सांभाळून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. ४६५ साठी दुकानदाराशी भांडू नका, याच्यासाठी भांडा.

शेवटी मुद्द्याचं. घरच्या डिस्कचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल. पण ग्रामपंचायत, नगरपरिषद, शाळा, वाचनालय, सोसायटी यांच्या डिस्कवर जे आहे ते कुणा एकाचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. तिथे चार गोष्टी व्हायला हव्यात, आणि त्यासाठी कुठल्या मोठ्या योजनेची गरज नाही.

१. संस्थेकडे किती डिस्क आहेत, लेबलवर क्षमता किती आणि आत काय आहे, याची एका वहीत नोंद.

२. फॉरमॅट करण्यापूर्वी लेखी होकार. ‘प्रत काढली, उघडून पाहिली’ असं लिहून दोघांच्या सह्या. दुरुस्तीच्या बिलावर त्यासाठी एक ओळ असावी.

३. महत्त्वाच्या मालाच्या दोन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. महापूर पाहिलेल्या आपल्या भागाला याचं कारण सांगायला नको.

४. जुने कॉम्प्युटर भंगारात देताना डिस्क आधी बाजूला काढावी. नाहीतर आपल्या आधारकार्डांच्या आणि रेशनकार्डांच्या प्रती तशाच भंगारवाल्याकडे जातात, कारण घाईत मारलेल्या क्विक फॉरमॅटने त्या पुसल्या जात नाहीत. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच माल द्यावा आणि डिस्क आधी नीट पुसून घ्यावी.

आपल्याकडे सध्या नेमकं उलट चाललंय. जे जपायचं ते घाईने फॉरमॅट होतं आणि जे पुसायचं ते भंगारात जसंच्या तसं जातं.

येत्या ग्रामसभेत किंवा तुमच्या संस्थेच्या वार्षिक सभेत हात वर करून एकच प्रश्न विचारा: “आपल्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या डिस्क कुठे आहेत?” उत्तर मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर प्रश्न इतिवृत्तात नोंदवायला सांगा. आणि तोपर्यंत कुणी डिस्क हातात घेऊन “फॉरमॅट मारू का?” म्हणाला, तर त्याला आधी लेबल वाचायला सांगा.